पाचशे नंतर बघू

सकाळपासून मैत्रिणींच्या ग्रुपवर एकच रील फिरतंय. परदेशातल्या कुठल्या कुठल्या म्युझियममधले हाताने शिवलेले लग्नाचे गाऊन, आणि खाली आमच्या बायांचे बदाम. 'याला म्हणतात कला!' गाऊन सुंदर आहेत, नाही कोण म्हणतंय? पण ते वाक्य वाचलं आणि माझं डोकं सटकलं. फोडणी करपली ती वेगळीच.

त्यात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केनेडींची बायको जॅकलिन, तिच्या 1953 च्या लग्नातल्या गाऊनची हुबेहूब प्रत आहे. मूळ गाऊन शिवला अ‍ॅन लो या कृष्णवर्णीय बाईनं. लग्न दहा दिवसांवर आलं आणि तिच्या वर्कशॉपमध्ये पाणी शिरलं. दोन महिन्यांचं काम गेलं, नवरीच्या गाऊनसकट करवल्यांचेही बरेचसे. बाईनं नवरीकडच्यांना अवाक्षर न सांगता सगळं परत शिवलं आणि नफा सोडाच, पदरचे दोन हजारांवर डॉलर घातले. गाऊन पोचवायला गेली तर म्हणे, नोकरांच्या दारानं या. ती म्हणाली, मग गाऊन परत नेते. गेली पुढच्या दारानं! पेपरात गाऊनची रकानेच्या रकाने वर्णनं आली, शिवणारीचं नाव जवळपास कुठेच नाही. अमेरिकेतल्या विंटरथर म्युझियमनं तिच्या नावानं मोठं प्रदर्शन भरवलं ते 2023 मध्ये. ती वारली 1981 ला.

आता आमच्या मागच्या आळीतल्या काकू. आरी वर्कचे, म्हणजे फ्रेमवर कापड ताणून आकड्याच्या सुईनं भरलेले, नवरीचे ब्लाउज करतात. ज्या घरचं मी सांगतेय त्या नवरीला पाठीवर डोली हवी होती, बाह्यांवर मोर, कटदाणा, मोती, जरदोसी, सगळं. काकूंनी ऐन उन्हाळ्यात फ्रेमवर मान मोडून केलं. पंखा लावला की टिकल्या उडतात, म्हणून पंखा बंद. ठरले होते साडेचार हजार. हळदीच्या आदल्या संध्याकाळी ब्लाउज घेताना नवरीची आत्या काय म्हणाली? 'एवढ्याशा ब्लाउजला? खणआळीत रेडिमेड हजारात मिळतो.' आणि चार हजार टेकवून, 'पाचशे नंतर बघू.'

अहो, मग घ्यायचा होता की रेडिमेड!

मान्य, लग्नात बापाचं कंबरडं मोडतं. पण डीजेवाल्याला कुणी 'नंतर बघू' म्हणतं का? तो आधी ॲडव्हान्स मोजून घेतो.

ब्रिटनच्या राजघराण्याची सून केट मिडलटन, तिच्या लग्नाच्या गाऊनची लेस लावणाऱ्या बायका दर अर्ध्या तासानं हात धुवायच्या आणि दर तीन तासांनी सुया बदलायच्या. 2011 मध्ये तोच गाऊन बकिंगहॅम पॅलेसमध्ये मांडला, लोकांची रीघ लागली. आमच्या ग्रुपवर या अर्ध्या तासाचं केवढं कौतुक! काकू भाकऱ्या थापून उठतात, साबणानं हात धुतात, पुसतात, मग फ्रेमला हात लावतात. हस्तिदंती रेशमावर पिठाचं बोट उमटू नये म्हणून. त्याचं रील कुणी काढलं नाही. आणि वर पाचशे नंतर.

आपलं साताऱ्याचं म्युझियम घ्या. 2024 च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधून वाघनखं आली, आपण सगळे गेलो, ऊर भरून आला. त्याच लंडनच्या म्युझियमनं 2014 मध्ये लग्नाच्या पोशाखांचं प्रदर्शन भरवलं होतं, 1775 पासूनचे. आपल्याकडेही भरवा की एखाद्या दालनात. मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री, आजीचा विरलेला शालू, इरकल, खणाच्या चोळ्या. आणि प्रत्येकाखाली विणणाऱ्याचं, शिवणारीचं नाव, गाव. कुणी म्हणेल, तलवारींशेजारी चोळ्या काय मांडायच्या? का नाही मांडायच्या?

जाऊ दे. इतकं लिहिल्यावर राग जरा उतरला. खरं सांगू, ती नवरी काय दिसत होती त्या ब्लाउजमध्ये! काकूंनी मंडपात लांबूनच पाहिलं, आहेराच्या रांगेत उभ्या राहून. हो, आहेरही केला त्यांनी.

या पोस्टमध्ये त्यांचं नाव घालायचं होतं मला. विचारलं तर म्हणाल्या, 'नको गं बाई, गिऱ्हाईक तुटेल.'

म्हणून काकूंचंही नाव नाही आणि त्या घराचंही नाही. पण त्या घरातले दोघेतिघे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत आणि आज रीलला बदाम टाकणाऱ्यांतही आहेत. काकूंच्या दारावर गुगल पेचा कोड चिकटवलेला आहे. पाचशे आहेत फक्त.