घरात डच माणूस आहे म्हणून डच येत नसतं!

"घरातच शिक्षक आहे की! मग अजून कसं येत नाही?" जोडीदार डच असलेल्या प्रत्येक मराठी माणसाला हे ऐकावं लागतं. नाशिकची आत्या म्हणते, नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरातला शेजारी म्हणतो, सासूबाई म्हणतात. त्याच्या जोडीला दुसरं ठरलेलं वाक्य येतं: "इंग्रजी चांगलं येतं ना, मग डच सोपंच." दोन्ही वाक्यं साफ चुकीची आहेत. बोलणाऱ्यांना काही पडलेली नसते, पण ऐकणाऱ्याला तीन-तीन वर्षं वाटत राहतं की खोट आपल्यातच आहे.

जोडीदार शिक्षक नसतो. दोघं भेटले इंग्रजीत, प्रेम जमलं इंग्रजीत, भांडणं आणि घराच्या कर्जाच्या चर्चाही इंग्रजीतच. ही भाषा पहिल्या काही महिन्यांत ठरून जाते आणि मग हलता हलत नाही. संध्याकाळी सात वाजता दोघं दमून घरी येतात. तुम्ही डचमध्ये वाक्य जुळवायला घेता, मधेच क्रियापद सापडत नाही, आणि समोरून उत्तर येतं इंग्रजीत. झालं, त्या दिवसाचं डच संपलं! इंग्रजी परकी भाषा असलेल्या देशांना इंग्रजी किती येतं, याच्या ई.एफ. या संस्थेच्या यादीत नेदरलँड्स वर्षानुवर्षं अव्वल आहे, आणि त्याची किंमत शिकणारा मोजतो. बेकरीवाला, दंतवैद्य, टपाल देणारा, सगळे तुमचा एक अडखळलेला शब्द ऐकून इंग्रजीवर येतात. त्यांना ही मदत वाटते. अहो, ही मदत नाही, तोंडातला घास काढून घेणं आहे!

आता व्याकरण. डच नामाआधी लिंगाप्रमाणे 'द' किंवा 'हेत' लागतं, इंग्रजी 'द'सारखं. एखाद्या शब्दाला 'द' की 'हेत', हे जोडीदाराला विचारा आणि वर 'का' ते विचारा. उत्तर ठरलेलं: "हेत क्लिंक्त खवोन झो", म्हणजे ऐकायला तसंच बरोबर वाटतं. यावर चिडून उपयोग नाही, कारण खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' का, हे आपल्यालाही सांगता येत नाही. म्हणून जोडीदाराला 'का' विचारूच नका, 'कोणतं' विचारा. 'कोणतं'चं उत्तर जवळजवळ नेहमी अचूक मिळतं. 'का' पुस्तकात शोधायचं, आणि तिथे ते बऱ्यापैकी सापडतं. अनेकवचन नेहमी 'द'. शेवटी 'ये' लागून लहान रूप झालं की नेहमी 'हेत', म्हणूनच मुलगी म्हणजे 'मेइश्ये' हा शब्दसुद्धा 'हेत'. शेवटी 'इंग' किंवा 'हेइत' असेल तर 'द'. 'इस्म' आणि 'मेंत' असेल तर 'हेत'. 'ख', 'ब', 'फर' किंवा 'ओंत' या उपसर्गांनी सुरू होणारे दोन उच्चारखंडांचे शब्द बहुतेक 'हेत', जसे संभाषण 'हेत खस्प्रेक', न्याहारी 'हेत ओंतबेइत'. बाकीचे हजारो शब्द पाठच करावे लागतात, आणि पाठ करताना सुट्टा शब्द कधीच घ्यायचा नाही, 'द' किंवा 'हेत' लावूनच घ्यायचा. कारण ही चूक तिथेच थांबत नाही, ती विशेषणात शिरते. 'अन ख्रोते ताउन' म्हणजे मोठी बाग, पण मोठं घर 'अन ख्रोत हाउस', कारण घर 'हेत' आहे. तेच 'हेत ख्रोते हाउस' म्हटलं की शेवटचा 'ए' परत येतो. एक लिंग चुकलं की पुढचे तीन शब्द चुकतात, आणि जोडीदार तिन्ही दुरुस्त करतो. मग जे सांगायचं होतं ते राहूनच जातं.

आणि खरा संताप येतो तो शिकवण्याच्या पद्धतीचा. ॲप, क्लास, जोडीदार, सगळे डच शिकवतात इंग्रजीच्या पुलावरून, आणि मराठी माणूस आपली भाषा बाजूला ठेवून त्या लांबच्या पुलावरून निमूट चालत जातो. 'हाल्फ द्री' म्हणजे किती वाजले? ब्रिटिश इंग्रजीतलं 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन, म्हणून माणूस डॉक्टरकडे तासभर उशिरा पोहोचतो. 'हाल्फ द्री' म्हणजे अडीच! आपला अडीच तरी काय, तीनला अर्धा कमीच. दीडला तर डचमध्ये स्वतंत्र शब्दच आहे, 'आन्दरहाल्फ', आणि इंग्रजीला तो 'वन अँड अ हाफ' असा फोडून सांगावा लागतो. आकड्यांचं तेच. 'फीरअनदेर्तख' म्हणजे चार आणि तीस. फोन नंबर इथे दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात आणि इंग्रजीत विचार करणारा हमखास ४३ लिहितो. मराठीत ते चौतीसच आहे, चार आधी, तीस नंतर. मनात चौतीस म्हणा, हात चुकत नाही.

वाक्यरचनेत तर हद्द आहे. क्लासमध्ये आठवडेच्या आठवडे 'क्रियापद शेवटी जातं' याचा बाऊ करतात. 'ओमदात इक मॉर्खन नार उत्रेख्त खा' म्हणजे 'कारण मी उद्या उत्रेख्तला जाणार'. क्रियापद शेवटी, अगदी आपल्या घरच्यासारखं! अडचण मुख्य वाक्यात आहे, आणि नेमकी तीच नीट सांगत नाहीत. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी खिळलेलं असतं. 'इक खा मॉर्खन' चालतं, पण 'उद्या'ने सुरुवात केली की 'मॉर्खन खा इक' व्हायलाच हवं. इंग्रजीच्या सवयीने 'मॉर्खन इक खा' तोंडातून निघतं आणि डच कानाला ते लगेच खुपतं. म्हणून 'काल', 'मग', 'घरी' अशा शब्दांनी सुरू होणारी दहा वाक्यं रोज मोठ्याने म्हणा, जीभ वळेपर्यंत. 'ओमदात'ऐवजी 'वान्त' वापरून सुटका करून घेता येते, त्यानंतर साधी रचना चालते, पण तेवढ्यावरच अडकून राहू नका. तुटणारी क्रियापदं मात्र सगळ्यांनाच छळतात. 'ऑपबेलन' म्हणजे फोन करणं, पण 'इक बेल ये ऑप' म्हणताना 'ऑप' थेट वाक्याच्या टोकाला जातो. तो ऐकेपर्यंत क्रियापदाचा अर्थ लागत नाही, आणि जेवणाच्या टेबलावर तोवर विषय बदललेला असतो.

मग ते बारके शब्द, एव्हन, तॉख, वेल, मार. जोडीदार म्हणतो, "याला काही अर्थ नाही, असंच लावतो आम्ही." इंग्रजी शब्दकोश प्रत्येकाला पाच-पाच अर्थ देतो आणि त्यातला एकही बसत नाही. 'कॉम एव्हन हीर' म्हणजे 'जरा इकडे ये'. 'ये कॉम्त तॉख?' म्हणजे 'येणार आहेस ना?' 'इक हेप हेत वेल खदान' म्हणजे 'केलंय की मी!' जरा, ना, की! महिनोन्‌महिने हे शब्द चुकतात, आणि चुकायचं काही कारण नसतं, कारण कोणी मराठीतून समजावलेलं नसतं.

उच्चारांतही इंग्रजी आडवी येते. डच 'व' इंग्रजी डब्ल्यूसारखा ओठांचा चंबू करून म्हणायचा नाही, खालचा ओठ वरच्या दातांजवळ नेऊन आपला मराठी 'व' म्हणायचा. प, त, क हे आपल्यासारखेच कोरडे, इंग्रजांसारखी फुंकर नको. आपल्याकडे नाहीत ते स्वर, आणि तिथे खरोखर घाम गाळावा लागतो. घरभाडं म्हणजे 'ह्यूर'. जीभ 'ई'च्या जागी ठेवून ओठ गोल करायचे. जीभ मागे सरकली की 'हूर' होतं, म्हणजे वेश्या. घरमालकाशी बोलण्याआधी आरशासमोर पन्नास वेळा म्हणा. घर, 'हाउस', याचा उच्चार मी लिहिला तसा नाहीच. 'एइ' म्हणायला सुरुवात करून ओठ गोल करा, त्याच्या जवळ पोहोचाल. ओळखीचे वाटणारे शब्दही दगा देतात. 'विल' म्हणजे भविष्यकाळ नव्हे, हवं असणं. 'एव्हेन्त्यूएल' म्हणजे शेवटी नव्हे, कदाचित. 'स्लिम' म्हणजे बारीक नव्हे, हुशार.

सासरचा वाढदिवस हे वेगळंच दुखणं. सगळे गोल करून खुर्च्यांवर बसतात, प्रत्येकाला 'खफेलिसितेर्त' म्हणून हात मिळवायचा, मग कॉफी आणि केक. तुमच्यासाठी अख्खा गोल इंग्रजीत वळतो, पाच मिनिटांत परत डचवर घसरतो, आणि तुम्ही दोन्हींकडून सुटता. एकावेळी आठ माणसांचं बोलणं पकडणं ही बी वनलासुद्धा, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीलासुद्धा, न जमणारी गोष्ट आहे. तिथे 'तुला कळत नाही का?' असं विचारणं क्रूर आहे. आजीशेजारी किंवा आठ वर्षांच्या भाच्याशेजारी बसा. भाचा अजून इंग्रजीत शिरलेला नसतो आणि तो एका वेळी एकच बोलतो.

हे सगळं हौसेपुरतं असतं तर एक वेळ सोसलं असतं. डच जोडीदाराकडे राहायला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसाआधीच ए वन या सगळ्यात खालच्या पातळीची परीक्षा द्यावी लागते, वाचन, बोलणं आणि डच समाजाची माहिती, तीही संगणकासमोर. तिथे पोहोचल्यावर १ जानेवारी २०२२ पासूनच्या कायद्याप्रमाणे साधारणपणे तीन वर्षांत बी वनचं लक्ष्य. हाय-स्किल्ड मायग्रंटच्या, म्हणजे कुशल नोकरीच्या परवान्यावर आलेल्याच्या, जोडीदाराला ही सक्ती नाही, पण पासपोर्ट हवा असेल तर परीक्षा आलीच. आणि परीक्षेला जोडीदाराचं घरगुती डच चालत नाही. 'च्यापेक्षा मोठा' म्हणताना घरात सर्रास 'ख्रोतर आल्स' ऐकू येतं, कागदावर 'ख्रोतर दान'च हवं. 'तू होतोस' म्हणजे 'ये वोर्त' लिहिताना शेवटी डीटी, पण 'वोर्त ये' असं उलटं झालं की फक्त डी. उच्चार एकच! यात डच लोक स्वतः चुकतात, तरी तुमच्या निबंधावर लाल रेघ मारतात.

तेव्हा जोडीदारांनो, ऐका. वेळ ठरवू नका, जागा ठरवा. स्वयंपाकघरात शिरल्यापासून भांडी होईपर्यंत डच, रोज वीस-तीस मिनिटं, आणि त्यात इंग्रजी शब्द नाही. समोरचा अडला तर दहा सेकंद गप्प राहा, मोजून दहा. मग सोप्या डचमध्ये तेच पुन्हा सांगा. आठवड्याला एकच प्रकारची चूक सुधारा, या आठवड्यात क्रियापदाची जागा, पुढच्या आठवड्यात 'द' आणि 'हेत'. सुधारताना थांबवू नका, बरोबर वाक्य उत्तरात सहज म्हणून टाका. मोबाइलवरचे निरोप सगळे डचमध्ये लिहा, तिथे विचार करायला वेळ मिळतो. रात्री मुलांच्या बातम्या, 'येऊखजुर्नाल', डच सबटायटल लावून एकत्र बघा. आजार, पैसे आणि भांडण मात्र खुशाल इंग्रजीत.

आणि टेबलावर सगळे हसले, आम्ही विचारलं की काय झालं, तर "लात मार" म्हणू नका. डचमध्ये त्याचा अर्थ 'जाऊ दे' एवढाच आहे, हे आम्हाला माहीत आहे. मराठी कानाला तो जसा ऐकू येतो, मनाला अगदी तसाच लागतो. तो विनोद पुन्हा सांगा, सावकाश, डचमध्ये.