कॅनन की निकॉन : इच्छुकांस मार्गदर्शन

पहिला डीएसएलआर (म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा विकत घ्यायचे आपण मनाशी पक्के केले आहे, याबद्दल आपले अभिनंदन. आता कृपा करून लगेच दुकानाकडे वळू नये. कॅमेरा घेऊन फोटो काढू लागलेल्या माणसाची पुण्यात कोणी विचारपूस करत नाही. उलट कॅनन घ्यावा की निकॉन, अशा पेचात सापडलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या वार्षिक सभेत, सिंहगडाच्या पायवाटेवर, एवढेच काय दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडे असतानासुद्धा सल्ला देणारे भेटतात. इतके लक्ष आपल्याकडे याआधी मुलाच्या ॲडमिशनच्या वेळी दिले गेले असेल, पण त्यात काळजीही होती. इथे निव्वळ मान आहे. हा मान शक्य तितका टिकवावा, हेच या लेखाचे प्रयोजन.

त्यासाठी पहिले पथ्य असे, की जो सल्ला हा प्रश्न पाच मिनिटांत निकालात काढील, तो कानाआड करावा. उदाहरणार्थ, ‘तुमच्या जवळच्या मित्राकडे ज्या कंपनीच्या लेन्स असतील त्या कंपनीचा कॅमेरा घ्या, म्हणजे लेन्स मागून आणता येतील’, असे कोणी म्हणाले, तर विषय बदलावा. हा सल्ला बरोबर आहे आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. दुसरा असाच घातक सल्ला म्हणजे दोन्ही कॅमेरे हातात धरून पाहावेत आणि ज्याची मूठ आपल्या बोटांना बसते तो घ्यावा. हजारो रुपयांचा निर्णय करंगळीवर सोपवणे कोणाही सुशिक्षित माणसाला शोभत नाही.

सुशिक्षित माणूस आधी तक्ता करतो. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारून डावीकडे निकॉनचा डी३५०० आणि उजवीकडे कॅननचा १५००डी, हे दोन्ही २०१८ सालचे कॅमेरे मांडावेत. दोहोंचे सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग) २४ मेगापिक्सेलचे असल्यामुळे तिथे भांडायला वाव नाही. ती ओळ खोडून टाकावी. फोकसचे बिंदू निकॉनला ११ आणि कॅननला ९ आहेत. नवशिका दोन्हीकडे मधला एकच वापरतो, तरीही या दोन बिंदूंवर एक रविवार सहज निघतो. बॅटरीच्या बाबतीत तफावत खरोखरच मोठी आहे: एका चार्जिंगमध्ये निकॉन १५५० फोटो काढील असे प्रमाणित मोजमाप सांगते आणि कॅनन ५००. आता एका दिवसात पंधराशे फोटो काढण्याचा प्रसंग पुणेकरावर वर्षातून एकदाच, विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर येतो आणि त्यांतले चौदाशे फोटो समोरच्या माणसाच्या डोक्याचे असतात. मात्र हा हिशेब तक्त्यात लिहू नये.

सर्वांत रसाळ रकाना सेन्सरच्या आकाराचा आहे. दोन्ही सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आहेत, परंतु कॅननचा निकॉनपेक्षा किंचित अधिक लहान असल्यामुळे लेन्सचा आकडा (तो जितका लहान, तितकी चौकट रुंद) निकॉनवर १.५ने आणि कॅननवर १.६ने गुणावा लागतो. दोन्ही कॅमेऱ्यांबरोबर येणारी लेन्स १८-५५ मिलिमीटरची. म्हणजे १८ला निकॉनवर २७ मिलिमीटरइतकी रुंद चौकट मिळते आणि कॅननवर जवळजवळ २९ इतकी. सदाशिव पेठेतल्या एखाद्या उरल्यासुरल्या वाड्याच्या चौकात उभे राहून समोरचा सोपा अख्खा टिपायचा झाला, तर कॅननवाल्याला निकॉनवाल्याच्या मागे पाऊल-दीड पाऊल सरकावे लागेल. मागे भिंत असेल किंवा कोणाची तरी लावलेली स्कूटर असेल. या पाऊल-दीड पावलावर लोकांनी मैत्र्या मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. वाड्याचा फोटो त्यांच्यापैकी कोणीच काढला नाही, आणि आता तो वाडाही नाही.

तक्ता झाला, की रंगाकडे वळावे. कॅननमध्ये माणसांची कांती उबदार येते आणि निकॉनचे रंग रोखठोक असतात, असे सांगणारे आपल्याला पावलोपावली भेटतील. याची शहानिशा आमच्या इमारतीत एकदा शास्त्रोक्त पद्धतीने झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा निकॉन, तळमजल्यावरच्या त्यांच्या भाच्याचा कॅनन आणि मध्ये टेबलावर काकूंनी केलेल्या पोह्यांची एकच बशी. ट्यूबलाइट एकच, व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवण्याची सोय, दोन्हीकडे ऑटोवर. फोटो निघाले. एकात पोहे लिंबासारखे पिवळे दिसत होते, दुसऱ्यात किंचित केशरी, आणि कोथिंबीर दोन्हीकडे खऱ्यापेक्षा ताजी होती. मग मूळ पोहे नेमके कोणत्या रंगाचे आहेत, हे ठरवण्यासाठी बशी खिडकीत नेली, तर उजेड बदलल्यामुळे ते तिसऱ्याच रंगाचे झाले. भाच्याच्या मते काकूंची हळद जास्त पडली होती. काकांच्या मते कॅननला हळद सोसत नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या कच्च्या स्वरूपात, काढला तर संगणकावर हवा तो रंग नंतर देता येतो, हे दोघांनाही ठाऊक होते आणि दोघांनीही ते सभ्यपणे मनात ठेवले. पोहे थंड झाले. काकूंनी ते पुन्हा परतले तेव्हा त्यांचा रंग अधिकच गडद झाला, पण तोवर दोघांची कार्डे भरली होती.

यापुढची पायरी निष्ठेची. आपण ज्या कंपनीचे होणार तिचा इतिहास पाठ असावा, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या माणसाला तो ऐकवता येतो. निकॉनच्या माणसाने १९५९ या सालाचा उच्चार करावा: त्या वर्षी आलेले लेन्स बसवण्याचे एफ माउंट कंपनीने आपल्या एसएलआर कॅमेऱ्यांवर पुढे कायम ठेवले. यावर कॅननच्या माणसाने नम्रपणे विचारावे, की आजोबांची ऑटोफोकस लेन्स नातवाच्या डी३५००वर फोकस करते काय? करत नाही, कारण जुन्या पद्धतीच्या त्या लेन्सना फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या पोटात असावी लागते आणि निकॉनने नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांतून ती वगळली आहे. लेन्स जोडली जाते, दिसतेही छान, पण आपणहून हलत नाही. कडी हाताने फिरवावी लागते. सोयरिकीत असे पुष्कळदा घडते. त्यावर निकॉनच्या माणसाने १९८७ काढावे: त्या साली कॅननने नवे ईएफ माउंट आणले आणि आधीच्या एफडी लेन्स जमवलेल्या गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडले. हा वाद कवडीपाटला भल्या पहाटे नदीकाठी उभे राहून घालण्यात विशेष गोडी आहे, कारण समोर चक्रवाक पक्षी उतरलेले असतात आणि दोघांपैकी कोणाचेही तिकडे लक्ष नसते.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांपासून लपवून ठेवावी. कॅननचा मूळ नमुना १९३४ साली तयार झाला तेव्हा त्याचे नाव क्वानॉन होते. जपानी लोकांची ही कान्नोन म्हणजे आपल्याकडून तिकडे गेलेला करुणामूर्ती अवलोकितेश्वर. येथवर ठीक आहे, स्वदेशीच्या अभिमानालाही वाव आहे. पण १९३६ सालच्या हान्सा कॅनन या कॅमेऱ्यावर जी लेन्स होती ती निक्कोर होती, आणि ती बनवणारी निप्पोन कोगाकु ही कंपनी पुढे निकॉन या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅननचा पहिला कॅमेरा निकॉनच्या डोळ्याने पाहत होता, हे उघड बोलल्यास दोन्हीकडचे लोक आपल्याशी बोलणे टाकतील आणि मग सल्ला कोण देणार?

दुकानात जावेच लागले तर जपून जावे. एकदा मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात तक्ता घेऊन गेलो. काउंटरमागच्या गृहस्थांनी तो चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, “दोन्ही सारखेच आहेत. कोणता देऊ?” तो क्षण अत्यंत कसोटीचा होता. मी घरी विचारून येतो असे सांगून निसटलो.

या निसटण्यातच खरी विद्या आहे आणि ती मी २०११पासून अभ्यासली आहे. त्या वर्षी माझ्यापुढे निकॉनचा डी३१०० आणि कॅननचा ११००डी होता. निर्णय होत आला, तोच २०१२ साली २४ मेगापिक्सेलचा डी३२०० आला आणि साराच तक्ता नव्याने मांडावा लागला. २०१४मध्ये डी३३०० आणि १२००डी, २०१६मध्ये डी३४०० आणि १३००डी. डी३४००मधून तर निकॉनने बाहेरचा माइक जोडण्याची खाच आणि सेन्सर स्वतःहून झटकण्याची सोय, दोन्ही काढून घेतल्या. ‘आधीचाच चांगला होता’ असे म्हणण्याची पुणेकराची जन्मजात गरज एखाद्या जपानी कंपनीने इतक्या आपुलकीने भागवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. २०१८मध्ये डी३५०० आणि १५००डी आले खरे, पण त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांनी आरशाविना चालणारे कॅमेरे आणि त्यांच्यासाठी नवी माउंटे काढली: कॅननचे आरएफ, निकॉनचे झेड. पुढे निकॉनने डी३५००चे उत्पादनच थांबवले. ज्यांनी घाई करून कॅमेरे घेतले होते, त्यांच्या लेन्स या नव्या कॅमेऱ्यांवर ॲडॅप्टरखेरीज बसत नाहीत. शिवाय पुण्याच्या चार पावसाळ्यांत कपाटात राहून त्यांतल्या कित्येक लेन्सना आतून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू फुटले आहेत. माझी एकही लेन्स खराब झालेली नाही.

अर्थात मी पूर्वतयारी केली नव्हती असे नाही. कॅमेऱ्याची बॅग मी पहिल्याच वर्षी घेऊन ठेवली, कारण बॅगेला कंपनी नसते. आत गादीचे जाड कप्पे आहेत, ते वेलक्रोने हवे तसे हलवता येतात, वरून पावसाची टोपी आहे आणि सिलिका जेलच्या पुड्या मी दर जूनमध्ये बदलतो. मोठी लेन्स ठेवायच्या कप्प्यात अर्धा डझन अंडी आणि कॅमेऱ्याच्या कप्प्यात अर्धा डझन, अशी डझनभर अंडी तीत बरोबर बसतात, आणि स्वारगेटच्या खड्ड्यांतूनही आजवर एक फुटलेले नाही.