डीएसपीला भारीतलंच मशीन लागतं म्हणे!

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (डीएसपी), म्हणजे आवाज किंवा रेडिओलहरींसारख्या सिग्नलवर कॉम्प्युटरने आकडेमोड करणं, शिकायला घेतलेल्या माणसाने ‘कुठला कॉम्प्युटर घेऊ?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: वरच्या श्रेणीतला प्रोसेसर, 64 जीबी रॅम, दणकट ग्राफिक्स कार्ड आणि मॅटलॅब या विकतच्या गणिती सॉफ्टवेअरचं लायसन्स, त्याखालचं काही घेतलंत तर पैसे पाण्यात. हा सल्ला पुढे ढकलणारे मूळ प्रश्न मात्र विचारतच नाहीत. सिग्नल कसला आहे, आणि सेकंदाला किती सॅम्पल (म्हणजे सिग्नलची मोजलेली मूल्यं) येणार आहेत?

सुरुवात प्रोसेसरपासून. साधा प्रोसेसर एफएफटीखाली, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायच्या झटपट गणिताखाली, दमतो, असं म्हणतात. कूली आणि ट्युकी यांनी 1965 मध्ये ही पद्धत मांडली तीच मुळी आकडेमोड वाचवण्यासाठी. 1024 पॉइंटच्या, म्हणजे 1024 सॅम्पलच्या तुकड्यावरच्या, एका एफएफटीला ढोबळमानाने 50 हजार क्रिया लागतात. 48 किलोहर्ट्झचा (सेकंदाला 48 हजार सॅम्पलचा) ऑडिओ 50 टक्के ओव्हरलॅपने, म्हणजे लागोपाठचे तुकडे निम्मे एकमेकांवर ठेवून, तपासला तर सेकंदाला सुमारे 94 एफएफटी होतात, म्हणजे क्रिया 50 लाखांच्याही आत. त्यावर 512 टॅपचा एफआयआर फिल्टर (दर वेळी शेवटच्या 512 सॅम्पलना गुणून बेरीज करणारा) चढवा, सेकंदाला अडीच कोटी गुणाकार-बेरजा वाढतील. आजच्या साध्या लॅपटॉपचा एकच कोअर सेकंदाला काही अब्ज क्रिया करतो. त्याला हे जाणवणारसुद्धा नाही.

तरी लोकांचं मशीन अडकतं, हे खरं आहे. पण बघायला गेलं तर बऱ्याचदा कोडच तसा असतो. एक मिनिटाचं मोनो रेकॉर्डिंग आहे आणि त्याला 2 सेकंदांचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे हॉलमध्ये क्षणभर वाजलेल्या ठोक्याचा घुमत राहिलेला आवाज, लावून हॉलचा घुमारा आणायचा आहे, असं धरा. पायथनच्या नमपाय लायब्ररीतलं साधं कन्व्हॉल्व्ह (दोन सिग्नल असे मिसळणारं फंक्शन) वापरलंत तर सुमारे 27,600 कोटी गुणाकार होतात. तेच काम सायपाय या दुसऱ्या लायब्ररीतल्या एफएफटी-कन्व्हॉल्व्हने केलं तर सगळं मिळून 140 कोटी क्रियांच्या आसपास भागतं. एका ओळीतल्या बदलाने काम जवळजवळ 200 पटींनी हलकं झालं. दुप्पट किमतीचा प्रोसेसर घेऊन वेग दुप्पट झाला तरी नशीब समजा.

आणखी एक गंमत. आयआयआर फिल्टरला, म्हणजे स्वतःचंच आउटपुट फीडबॅक म्हणून परत वापरणाऱ्या फिल्टरला, आवाज दिला आणि मग शांतता ठेवली, की काही वेळाने प्रोसेसरवरचा भार अचानक उसळतो. फीडबॅकमधले आकडे शून्याकडे सरकत इतके बारीक होतात की ते डीनॉर्मल (नेहमीच्या स्वरूपात न मावणारे) ठरतात, आणि अशा आकड्यांचं गणित बऱ्याच प्रोसेसरवर कमालीचं मंदावतं. महागड्या मशीनवरही हे होतं. उपाय फुकट आहे: असे आकडे सरळ शून्य करणारं सेटिंग चालू करायचं.

रॅमचं म्हणाल तर 48 किलोहर्ट्झचा एक तासाचा स्टिरिओ ऑडिओ 64 बिटी फ्लोटमध्ये (दर आकड्याला 8 बाइट) उघडला तर 2.8 जीबीच्या आत बसतो. 32 बिटी केला तर निम्म्यात. एवढ्यासाठी 64 जीबी कशाला? सॉफ्टवेअर रेडिओवाल्यांची, म्हणजे रेडिओ सिग्नल कॉम्प्युटरवर उलगडणाऱ्यांची, गोष्ट मात्र निराळी आहे. आरटीएल-एसडीआरसारखा स्वस्त यूएसबी रेडिओ डोंगलसुद्धा सेकंदाला 24 लाख सॅम्पल घेतो. दर सॅम्पलचे दोन 8 बिटी आकडे, म्हणजे 2 बाइट, धरले तर तासाची फाइल 17 जीबीच्या वर जाते. ती आख्खी नमपायच्या कॉम्प्लेक्स128 मध्ये (दर सॅम्पलला 16 बाइट) उघडायला गेलात तर आठपट, म्हणजे 138 जीबी होते. तिथे 64 जीबीही तोकडी. फाइल तुकड्या-तुकड्याने वाचली की 8 जीबीत काम होतं, 16 असतील तर निवांत. इथे पैसा घालायचाच तर एसएसडीवर आणि चांगल्या यूएसबी पोर्टवर घाला. सेकंदाला 2 कोटी सॅम्पल घेणारा 8 बिटी रिसीव्हर 40 एमबी दर सेकंदाला ओततो. यूएसबी 2.0 ची तिथे दमछाक होते आणि सॅम्पल गळतात. गळलेलं सॅम्पल कुठलाही प्रोसेसर परत आणून देत नाही.

ग्राफिक्स कार्डाचं थोडक्यात: डीप लर्निंग, रडार इमेजिंग किंवा हजारो एफएफटी एका दमात करायच्या असतील तर जरूर घ्या. छोटे ब्लॉक एकामागून एक येत असतील तर डेटा कार्डावर न्यायचा आणि परत आणायचा, यातच फायदा खर्ची पडतो.

लाइव्ह आवाजाच्या कामाला मात्र मशीन बघून घ्यावं लागतं, एवढं या सल्ल्यात खरं आहे. पण बघायचं वेगळंच असतं. 128 सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळायचा तुकडा) 48 किलोहर्ट्झला 2.7 मिलिसेकंदांत संपतो. सरासरी वेग कितीही असो, वायफायच्या ड्रायव्हरने मध्येच 5 मिलिसेकंद खाल्ले की आवाजात ‘कट्’ ऐकू येतं. चकचकीत पातळ लॅपटॉप तापला की स्वतःहून वेग उतरवतो, तोही याच कामात नडतो. त्यापेक्षा जाडजूड, नीट थंड राहणारं जुनं मशीन परवडलं.

मॅटलॅब उत्तम आहे, वाद नाही. मॅटलॅबसोबतच्या सिम्युलिंकवर (ब्लॉक जोडून मॉडेल बनवायच्या साधनावर) आधारलेलं काम असेल तर त्याला सहज पर्यायही नाही. पण फिल्टर डिझाइन, स्पेक्ट्रोग्राम, मॉड्युलेशन यांसाठी ऑक्टेव्ह, पायथन आणि जीएनयू रेडिओ फुकट मिळतात आणि साध्या मशीनवर चालतात.

तेव्हा खरेदीआधी आपलाच कोड आणि आपलाच डेटा घेऊन एखाद्या मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर चालवून बघा, शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवून. एकच कोअर भरलेला दिसला तर आधी कोड तपासा. रॅम भरली तर फाइल तुकड्यांत वाचून बघा, डिस्क भरली तर एसएसडी घाला. एवढं करूनही सगळे कोअर पूर्ण भरलेलेच दिसले, तर मोठ्या प्रोसेसरची चौकशी करायला हरकत नाही.