का म्हणजे का

आपल्याला दिवसात किती वेळा ‘का’ लागतो हे कधी मोजलंय का? बघा, पहिल्याच वाक्यात आला. मी एकदा मोजायला बसलो होतो, दुपारपर्यंत दमलो आणि सोडून दिलं, का सोडलं तर प्रत्येक ‘का’ वेगळाच निघायला लागला. ‘का रे’मधला नुसता हाक मारतो, ‘येतोस का’मधला प्रश्न विचारतो, ‘का आलास’मधला कारण मागतो, आणि ‘एवढा उशीर का?’मधला कारण मागत नाही, फक्त तोंड उतरवून घ्यायला सांगतो. अक्षर एक, त्याला काना एक, आणि वर कामं इतकी.

हे घरच्या घरात चाललं होतं तोवर ठीक होतं. पण परवा ऑफिसच्या कामाचा एक फोन झाला आणि माझं जरा डोकंच फिरलं. पलीकडचा सहकारी घरी भोजपुरी बोलणारा, माझ्याशी हिंदीत बोलतो. माझी हिंदी म्हणजे आत मराठी आणि वरून हिंदीचा एक पातळ हात मारलेला, त्यामुळे प्रश्न आला की शेपटीला ‘का’ आपोआप चिकटतो. मी विचारलं, “फाईल मिली का?” पलीकडून आलं, “का?”

मला वाटलं, विचारतोय की परत फाईल का पाठवली. रास्त प्रश्न आहे. मी सांगायला लागलो की आधीच्या फाईलमधे दोन आकडे चुकले होते. परत “का?” आता का चुकले ते सांगणं आलं, म्हणून घाई होती, नेट स्लो होतं वगैरे जरा गोल फिरवून सांगितलं. तिसऱ्यांदा “का?” आल्यावर मात्र माझा धीर सुटला आणि मी सरळ कबूल केलं की बाबा रे, चूक माझीच होती, मी न बघता कॉपी-पेस्ट केलं. तेवढ्यात रेंज आली आणि तो म्हणाला, “हां, अब आवाज आ रही है, बोलिए.” भोजपुरीत ‘का’ म्हणजे ‘काय’! तो बिचारा इतका वेळ ‘काय? काय?’ करत होता आणि मी इकडे कोर्टात उभा राहिल्यासारखा कबुलीजबाब देत होतो. सुदैवाने एक अक्षर पोचलं नव्हतं.

हिंदीवाल्यांची तर वेगळीच पंचाईत. त्यांच्यात ‘का’ म्हणजे आपला ‘चा’, त्यामुळे “फाईल मिली का” ऐकून मिली कोण, आणि तिचं काय, असं मला खरोखर विचारलेलं आहे. असाच ‘चा’वाला का पार तिकडे दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेत पण आहे, फक्त नावाच्या आधी लागतो. त्यांच्या शाका राजाचं नाव शाका कासेन्झांगाखोना, म्हणजे सेन्झांगाखोनाचा शाका. मला आधी वाटलं राजाला कुणीतरी विचारतंय, “काय शाका, का?” फिलिपिनो भाषेत ‘का’ म्हणजे ‘तू’, ‘कुमुस्ता का?’ म्हणजे ‘तू कसा आहेस?’, आणि मी बसलोय त्यातला प्रश्न शेवटच्या ‘का’मधे शोधत. आपल्याच मेघालयातल्या खासीत ‘का’ हे नुसतं स्त्रीलिंगाचं पाटीकाम करतं. त्यांच्यात सूर्य बाई आहे, ‘का स्न्गी’, आणि चंद्र बुवा.

या सगळ्यात एकच भाषा मला सख्ख्या बहिणीसारखी भेटली ती म्हणजे जपानी. ऑनलाईन क्लास लावलाय, हौस. पहिल्याच आठवड्यात कळलं की ‘इकिमास’ म्हणजे जातो आणि ‘इकिमास का’ म्हणजे जातोस का. अरे! मग ‘क्यो का आशिता’ म्हणजे ‘आज का उद्या’, तोही का तस्साच. आणि कळस म्हणजे ‘सोऽ देस का’, शब्दाला शब्द ‘असं का’, आणि आवाज खाली उतरवून म्हणलं की तो प्रश्नच राहात नाही, आपल्या ‘हो का’सारखा. मी तर मनातल्या मनात जाहीरच करून टाकलं की जपानी ही मराठीची हरवलेली बहीण आहे (नाहीये, काही संबंध नाही, निव्वळ योगायोग). मग पुढच्या धड्यात आला डास. जपानीत डासालाही ‘का’ म्हणतात. म्हणजे ‘डास का?’ असं मित्राला विचारायचं तर “का का?” मी वर्गात तीनदा काकांना हाक मारली, सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, गप्प बसून होते. बरं, ऑफिसातल्या विभागालाही ‘का’च, त्याचा साहेब तो ‘काचो’. लिहिताना चिन्हं वेगवेगळी असतात म्हणून त्यांचं निभतं, बोलताना देव जाणे.

देव म्हणलं तर तेही प्रकरण आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२१वं सूक्त आहे, त्यात नऊ ऋचांच्या शेवटी एकच पालुपद, ‘कस्मै देवाय हविषा विधेम’, कोणत्या देवाला हवि द्यावा? साधा प्रश्न. पण नंतरच्या मंडळींनी त्याचं उत्तर प्रश्नातच शोधलं, की ‘क’ (संस्कृतात ‘कोण’) हेच देवाचं नाव. ऐतरेय ब्राह्मण या ग्रंथात गोष्टच आहे, इंद्र प्रजापतीला म्हणतो तुझं मोठेपण मला दे, प्रजापती म्हणतो मग मी कोण, तर इंद्र म्हणतो, आत्ता जे म्हणालास तेच, ‘कोण’! झालं, देवाचं नाव क. आमचा कानावाला का नव्हे, पण घराणं तेच. प्राचीन इजिप्तमधे तर ‘का’ म्हणजे माणसाची प्राणशक्ती, मेल्यावरही मागे राहणारी, तिला खाऊपिऊ ठेवायचे. आणि लिहायची खूण काय, तर वर केलेले दोन हात. दहशूरला १८९४ साली होर राजाचा लाकडी पुतळा सापडला, त्याच्या डोक्यावर हेच दोन हात उभे आहेत. “एवढा उशीर का?” विचारल्यावर मी दारात जसा उभा असतो, हुबेहूब तसेच.

काल रात्री झोपायच्या वेळेला कानाशी गुणगुण सुरू झाली. मी अंधारात दोन्ही हातांनी फाटकन टाळी मारली. बायको दचकून उठली.

“काय झालं?”

“का,” मी म्हणलं. क्लासचे पैसे भरलेत, वापरायला नको?

“का काय?”

“अगं, का. का होता.”

“कोण होता?”

“का!”

“अरे मला काय विचारतोयस का?”

“विचारत नाहीये, सांगतोय. जपानीत डासाला का म्हणतात.”

ती क्षणभर गप्प. मग कूस बदलून, आवाज अगदी खाली उतरवून म्हणाली,

“हो का.”

डास अजून जिवंत होता.