टॉवेलाखालची वांगी

१० ग्रॅम म्हणजे किती? सोनाराच्या दुकानात ऐकलं तर घाम फुटतो, बियाण्याच्या दुकानात मात्र हसू येतं. संक्रांतीनंतर सोलापूरच्या गड्डा यात्रेहून परतताना मी टोमॅटोची १० ग्रॅमची पुडी घेतली. एवढ्याशानं काय होतंय म्हणून तेवढीच वांग्याचीही घेतली. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये ३०० च्या आसपास बिया असतात हे दुकानदारानं सांगितलं नाही, आणि बँकेत ३४ वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या मी विचारलंही नाही.

जागेचा प्रश्न नव्हता. जुळे सोलापूर भागात आमच्या घराला लागून भावाचा १५०० चौरस फुटांचा प्लॉट रिकामा पडलाय. भाऊ पुण्याला. “मी घर बांधेपर्यंत लाव की काहीतरी,” असं तो २००९ पासून म्हणतोय.

गादीवाफा, म्हणजे जमिनीपेक्षा जरा उंच वाफा केला, शेणखत मिसळलं आणि रेघा ओढून पेरायचं सोडून रांगोळी भुरभुरावी तसं बी टाकलं. आठव्या दिवशी वाफा हिरवागार. दोन दिवस मी शेजाऱ्यांना हात धरून दाखवायला आणत होतो. मग विरळणीची वेळ आली. दाट उगवलेल्यातली अशक्त रोपं उपटून टाकायची असतात. पण अशक्त कोण ते ठरवायचं कसं? तासभर बसून मी तीन उपटली, त्यातलं एक परत लावलं.

“अहो, मेथी निवडताना एवढा विचार करता का?” बायकोनं खिडकीतून विचारलं.

मर रोगानं निम्मी रोपं जातात असं ऐकून होतो. म्हटलं, निसर्गच बघून घेईल. आमच्याकडे तो रोग फिरकलाच नाही.

चार आठवड्यांत रोपं वीतभर झाली. दोन रोपांत दीड फूट, दोन ओळींत दोन फूट. प्लॉटवर फार तर ५०० मावत होती. दोडका, काकडी, गवार यांचा त्रास नव्हता. त्यांना मुळाला हात लावलेला खपत नाही, जिथं बी टोकलं तिथंच जन्म काढतात. बाकीच्यांचं स्थलांतर मात्र मला करायचं होतं.

लावणी उन्हं कलल्यावर करावी, म्हणजे रोपांना रात्र मिळते. आमच्या भागात नळ येतो पाच दिवसांआड, आणि तोही पहाटे साडेतीनला. उजनी धरणाचं पाणी एवढ्या लांबून येतं, वेळेचं काय घेऊन बसायचं! शिवाय आमची काळी माती. ओली असली की पायाला धरते, वाळली की भेगाळते. या दोन्हींच्या मधला वाफसा आमच्या प्लॉटवर साधारण २० मिनिटं टिकतो. माझी एक चप्पल अजून तिथंच कुठंतरी आहे.

तर पहाटे साडेतीनला, बनियनवर, तोंडात बॅटरी धरून मी खड्डे खणत होतो. तेवढ्यात रात्रीच्या गाडीनं उतरलेला जुना मित्र रिक्षा थांबवून कुंपणाशी आला. बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “कुणाला पुरलालास बे?”

मी बॅटरीमुळं उत्तर देऊ शकलो नाही. तो रिक्षात बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी अकरालाच सगळ्या रोपांनी माना टाकल्या. पंचांगात वसंत आला होता, सोलापुरात नेहमीप्रमाणे थेट उन्हाळा. चार-पाच दिवस सावली हवी होती. हिरव्या जाळीचा भाव ऐकला आणि घरी येऊन कपाट उघडलं. सोलापूरकराच्या घरात दुसरं काही नसलं तरी टॉवेल असतातच. काठ्या रोवून १९ टॉवेल ताणले. तरी एक ओळ उघडी राहिली, म्हणून पाहुण्यांसाठी प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली घडीची चादर काढली. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीखाली वाढणारी वांगी जगात दुसरीकडे कुठं असतील असं वाटत नाही.

शेजारचे काका आयुष्यभर मागावर होते. ते आले, रोपांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक टॉवेल चिमटीत धरून म्हणाले, “सूत हलकं लावलंय.” आणि गेले.

बायको मंडईतून आली. तिनं आधी चादर पाहिली, मग मला. त्या दिवशी जेवण वाढताना एक शब्द नाही.

उरलेली रोपं मी वाटली. न्हावी, दूधवाला, मीटर बघायला आलेला मुलगा. पुढं पुढं लोक मला पाहून गल्ली बदलू लागले. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला आणि टोमॅटोची फुलं गळाली. वांगी मात्र थांबेनात. भरली वांगी, भरीत, वांग्याचे काप, शेंगदाण्याचं कूट घालून वांगी, आणि शनिवारी बदल म्हणून वांगीभात.

मेमध्ये भाऊ आला. रात्री तीच चादर पांघरून झोपला. तीन वेळा धुऊनही टोमॅटोच्या पाल्याचे डाग गेले नव्हते. सकाळी म्हणाला, “चादरीला कसला वास येतोय रे?”

मी विषय बदलला. दुपारी जेवताना तो बोलला, “वहिनी, आता दिवाळीनंतर बांधकामाला सुरुवात करावी म्हणतो. प्लॉट रिकामा करावा लागेल.”

बायकोनं त्याला इतक्या प्रेमानं आग्रह केलेला मी कधी पाहिला नव्हता. नको नको म्हणेपर्यंत त्याच्या ताटात आणखी दोन भरली वांगी पडली होती.