‘पुनर्मिलन’मधला ‘मि’ ऱ्हस्वच

जुन्या वर्गमित्रांचा कार्यक्रम ठरला की निमंत्रणापाठोपाठ एक संदेश फिरू लागतो: ‘पुनर्मिलन’ हा हिंदी शब्द आहे, शुद्ध मराठी रूप ‘पुनर्मीलन’, आणि संधी नीट केला तर ‘मनोरथ’सारखं ‘पुनोमीलन’च व्हायला हवं. यातलं एकही विधान टिकत नाही. तरी लोक बरोबर लिहिलेलं खोडून चुकीचं लिहितात, याचं वाईट वाटतं.

हिंदीचा मुद्दा आधी. शब्द संस्कृत आहे, दोन्ही भाषांनी तिथूनच घेतलेला. त्यातला ‘मिल्’ धातू तर मराठीत पार मुरलाय: मिळणे, मेळ, मेळावा, संमेलन ही सगळी त्याचीच प्रजा.

आता दीर्घ ‘मी’. ‘मील्’ हा धातूच वेगळा, त्याचा मूळ अर्थ डोळे मिटणे. म्हणून निमीलन म्हणजे मिटणं, उन्मीलन म्हणजे उघडणं. त्या हिशेबाने ‘पुनर्मीलन’ म्हणजे पुन्हा डोळे मिटणं! एक आक्षेप मात्र रास्त आहे. ‘मिल्’ला ‘अन’ प्रत्यय लागला की गुण होऊन, म्हणजे ‘इ’चा ‘ए’ होऊन, ‘मेलन’ व्हायला हवं, जसं संमेलन. मग ‘मिलन’ ही अलीकडची मोडतोड आहे का? मुळीच नाही. १२व्या शतकातल्या जयदेवाच्या ‘गीतगोविंद’ या संस्कृत काव्यात, चौथ्या सर्गात, विरहिणी राधेचं वर्णन आहे: ‘व्यालनिलयमिलनेन गरलमिव कलयति मलयसमीरम्’. सापांच्या घराला, म्हणजे चंदनाच्या झाडांना, लागून आलेला मलयवारा तिला विषासारखा वाटतो. ही रचना मात्रांवर चालते. ‘गरलमिव’पर्यंत मोजून बघा, १६ भरतात, आधीच्या चरणात भरतात तेवढ्याच. ‘मी’ दीर्घ केलात तर १७ होतात आणि चाल अडखळते. ऱ्हस्व ‘मि’ला याहून भक्कम पुरावा कुठला हवा?

राहिला संधी. ‘मनः’चा विसर्ग ‘स्’पासून आलेला, म्हणून मृदू व्यंजनापुढे त्याचा ‘ओ’ होतो: मनोरथ, तपोबल. ‘पुनः’ मुळात ‘पुनर्’, तिथे ‘र्’ टिकतो: पुनर्जन्म, पुनर्विवाह. विसर्ग दिसतो तो ‘पुनःप्रक्षेपण’सारख्या शब्दांत, कठोर व्यंजनापुढे. त्यामुळे ‘पुनःमिलन’ही नको.

शंका घ्यायचीच तर ‘पुनर्रचना’वर घ्या. ‘र्’पुढे ‘र’ आला की संस्कृतात पहिला गळतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. निर् + रस मिळून ‘नीरस’ होतं ते असंच. त्या नियमाने ‘पुनारचना’ व्हायला हवं. मराठीने ते घेतलं नाही.