रिक्त पदाची निगा कशी राखावी

नुकतेच खातेप्रमुख झाला असाल तर अभिनंदन. पहिला धडा असा, की 'नोकरकपात' हा शब्द चुकूनही तोंडातून काढू नका. माणसे काढली की मोर्चे निघतात, कोर्टकज्जे होतात. त्यापेक्षा कॅलेंडर बघत बसा. महिनाअखेरीस कोणी ना कोणी निवृत्त होतोच. शाल, नारळ, दोन भाषणे उरका आणि खुर्ची तशीच राहू द्या. रिकाम्या खुर्चीला महागाई भत्ता लागत नाही आणि जुन्या पेन्शनसाठी ती मार्च २०२३ सारखी संपावरही जात नाही.

मग काम कोण करणार? त्यासाठी 'अतिरिक्त कार्यभार' नावाची रामबाण मात्रा आहे. आमच्या गावच्या तलाठी कार्यालयाला कुलूप असते आणि कुलपावर वहीचा कागद डकवलेला: 'सोम, गुरु येथे. मंगळ, शुक्र दुसरा सजा. बुध तहसील बैठक.' (सजा म्हणजे एका तलाठ्याकडे असलेली गावे.) परवा वारसनोंदीसाठी आलेल्या आजी पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "येईल की. मागल्या गुरुवारी पण आला नव्हता." २०२४ मध्ये तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' झाला, हे आजींना अजून कळलेले नाही. माणसे वाढवता येत नसतील तर पदनाम वाढवावे. तिजोरीला धक्का लागत नाही.

कोणी फारच ओरडले तर भरती जाहीर करा. भरती करा असे मी म्हटलेले नाही, नीट वाचा. आकडा शुभ असावा. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीनिमित्त ७५ हजार पदांची घोषणा झाली होती. रौप्यमहोत्सव असता तर पंचवीस हजारांत भागले असते.

आणि जाहिरात काढलीच, तर ती तोट्यात जात नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या, अर्ज दहा लाखांहून जास्त. शुल्क खुल्या गटाला हजार रुपये, राखीवला नऊशे. सगळ्यांनी नऊशेच भरले असे धरले तरी नव्वद कोटी होतात. गुणाकार तुम्हीच करून बघा. बेरोजगारीतून इतका महसूल दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो?

एक चूक मात्र टाळा. त्याच वर्षी सप्टेंबरात खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि बोंबाबोंब होऊन ऑक्टोबरात रद्द करावा लागला. असल्या गोष्टी मोठ्याने करायच्या नसतात. 'बाह्यस्रोत' म्हणा, एकेक शिपाई, एकेक डेटा एन्ट्रीवाला घ्या, कोणी विचारत नाही.

पुण्याच्या अभ्यासिकांत बसलेल्या पोरांची चिंता नको. खुल्या गटात अडतीस उलटले की ती आपोआप अर्ज करायची थांबतात.

शेवटी आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, सुधारायला घ्याल, तेव्हा वर्षानुवर्षे रिकाम्या पदासमोर शेरा मारा: 'या पदावाचून काम अडलेले नाही.' फक्त तो मारण्याआधी आजींना विचारायला जाऊ नका. त्या गुरुवारची वाट बघताहेत.